घंटी सात अक्षरं आधी वाजते

म्हापशात कोर्टासमोर ताडपत्रीखाली माझं टेबल.
एक स्टूल गिऱ्हाईकाचं, एक माझं,
आणि रेमिंग्टन, जिचा 'ळ' अडकतो.
समोर झेरॉक्सवाल्याकडे कॉम्प्युटर आले, मी हलले नाही.
लोक म्हणतात, सुरंगाबायच्या अर्जाला वजन असतं.

काल शिवोलीचा कायतान आला.
पिशवीत आजोबाचा कागद, एकोणीसशे अकराचा,
पोर्तुगीज मोहर, कडा वाळवीनं खाल्लेल्या.
सात माडांची हद्द.
वकील म्हणाला, चालेल.
मी टाईप केलं, सात माड, एकेक करून.

मी टाईप शिकले बाजाराच्या मागे,
दुसऱ्या मजल्यावर, उल्हास सरांकडे.
पंधरा वर्षांची होते. संध्याकाळची बॅच.
सर म्हणायचे, बोटांकडे बघायचं नाही,
समोर भिंतीकडे बघ.
मी भिंतीकडे बघत राहिले.
भिंतीवर सोनाराचं कॅलेंडर होतं, मंगेशीचा दीपस्तंभ छापलेलं.
शुक्रवार, एकोणीस ऑगस्ट, अठ्ठ्याऐंशी.
खाली लहान अक्षरात: दुकान सोमवारी बंद.

आईला सांगितलं नाही, असं नाही.
म्हटलं, बोटं दुखतात.
तिनं खोबरेल चोळलं, दहाही बोटांना,
आणि म्हणाली, फी भरलीय ना महिन्याची.

गेल्या मेमध्ये सरांना शाल मिळाली.
मानपत्र टाईपला माझ्याकडेच आलं.
'ज्यांच्यामुळे शेकडो मुली
स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या.'
'ज्यांच्यामुळे'वर ळ अडकला.
मी मशीन झाकली आणि पोलीस स्टेशनात गेले,
पायात घरच्याच चपला.

पीएसआय पेडण्याची पोरगी,
अठ्ठ्याऐंशीत जन्मलीही नसेल.
तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं, मधे एकदाही तोडलं नाही.
मग पुस्तक काढलं.
तेव्हाच्या कलमाला शिक्षा दोन वर्षं,
म्हणून तक्रारीला मुदत तीन.
बोट ओळीवरच ठेवून म्हणाली,
"बाय, एक्याण्णवांत सोंपलें."

एक्याण्णवात माझा वेग मिनिटाला साठ शब्द.
त्या गोष्टीसाठी साठातला एकही नव्हता.

मशीन तरी प्रामाणिक.
ओळ संपायच्या सात अक्षरं आधी घंटी देते:
आवर, किंवा शब्द तोड.
एक्याण्णवात काय वाजलं ते आठवते.
सकाळी पोदेराचा भोंगा.
बोडगेश्वराच्या जत्रेत पिपाण्या.
जेटीवर फेरीची शिटी, आम्ही धावलो होतो, मिळाली.
आणखी काही वाजलं असेल तर
मला कुणी सांगितलं नाही.

तरी मी अर्ज लिहायला घेतला.
स्वतःसाठी पहिल्यांदाच, पैसे कुणाकडे मागू?
'मी खाली सही करणारी' इथपर्यंत हात सरळ चालला.

दुपारी करासवाड्याची एकजण आली,
मुलाच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी.
स्टुलावर बसली, रोलरवरचा कागद वाचला.
दुसऱ्याचा कागद वाचू नये, हे तिलाही माहीत होतं.
छत्रीची मूठ पिळत राहिली.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
"चौऱ्याण्णव.
तेव्हा भिंतीवर गणपती होता."

मी दाखल्याचा फॉर्म बाजूला ठेवला.
तिचं नाव विचारलं, वडिलांचं, वाड्याचं.
माझ्या नावाखाली तिचं नाव.
ओळ लांब झाली, घंटी वाजली,
सात अक्षरं गेली, गाडी थटली.

डाव्या कोपऱ्यात एक कळ असते, मार्जिन सोडवणारी.
सरांनीच दाखवली होती,
म्हणाले होते, ही सहसा लागत नाही.

दाबली.
गाडी सरकली, कागदाच्या कोऱ्या कडेवर.
ती माझ्या हातांकडे बघत होती.
'ळ' अडकला.
मी बोटानं सोडवला, शाई लागली,
आणि पुढचं अक्षर मारलं.