गालातला घास

तांडापेठेतली आमची अंगणवाडी म्हणजे एक खोली,
पत्र्याची पडवी, आणि एक कूलर
जो पाणी संपलं की नुसता ओरडतो.
एप्रिलात सातच्या आत येतात पोरं,
कुणाच्या खिशात उन्हासाठी कांदा,
कुणाच्या मुठीत कालच्या मुरमुऱ्यांचा चुरा.

निहार पराते, तीन वर्षं एक महिना.
रडत नाही, मारत नाही, चावत नाही.
अशा पोराकडे लक्ष जायला वेळ लागतो.
सोळा वर्षांच्या नोकरीनंतर हे लिहिते आहे,
लाज वाटून.

काट्यावर दहा किलो सातशे.
मार्चातही तेवढंच. फेब्रुवारीत जरासं जास्त.
दंडाला पट्टी गुंडाळली
तर पिवळ्यावर आली.
ताट मात्र रोज रिकामं.

दुर्पताबाईंनी पकडलं.
तोंड पुसायला घेतलं आणि म्हणाल्या,
"मॅडम, हे पाहा ना बाप्पा,
पोट्टं खाऊन राह्यलं, पण गिळून नाही राह्यलं."
उजव्या गालात घासभर खिचडी,
सकाळपासूनची,
हळदीने पिवळी झालेली जीभ.
बाकीचं ताट जायचं शेजारच्या आरोहीकडे,
तरीच ती महिन्याभरात गोल झाली होती.

मी काय केलं ते सांगून टाकते.
"गीळ" म्हटलं. मग "शहाणा ना तू?" म्हटलं.
मग पाणी. मग गुळाचा खडा.
त्याने माझ्याकडे पाहिलं
जसा थांब्यावरचा माणूस
दुसऱ्याच रस्त्याची बस पाहतो.

आईला विचारलं. प्रणिता, बर्डीला साडीच्या दुकानात,
कायम घाईत.
"घरी बी असंच, मॅडम. माग विकला तवापासून."
ऑटोवाला हॉर्न वाजवत होता, ती गेली.
मी ऐकलं, पण कुठे लिहिलं नाही.
मागाचा आणि गिळण्याचा काय संबंध.

मंगळवारी खिचडी तळाला लागली.
दुर्पताबाई पडवीत बसून
उलथन्याने गंज खरवडत होत्या,
खट, खट-खट. खट, खट-खट.
निहारची मान हलायला लागली.
मग पायाचा अंगठा.
मग गळ्याशी काहीतरी खाली गेलं
आणि परत वर आलं.

"थांबू नका," मी म्हटलं.
"आं?"
"वाजवत राहा बाई, थांबू नका."
गंज केव्हाच साफ झाला होता.
त्या वाजवत राहिल्या.
दहा घास. मी मोजले.

पोटात होता तेव्हापासून ऐकलेलं असणार त्याने.
पाळण्यात, दुधाच्या वेळी, तापात,
भिंतीपलीकडे बापाचे पाय आणि धोटा.
आता बाप सुरतेला.
मागाचा खड्डा बुजवून वर फरशी बसवली आहे,
गुळगुळीत, प्रणिता म्हणते, पुसायला सोपी.
त्या शांततेत आपण त्याला म्हणत होतो,
गीळ.

हल्ली जेवताना आमच्याकडे गोंगाट असतो.
बावीस ताटं, बावीस चमचे.
शेजारच्या इस्त्रीवाल्याने दोनदा तक्रार केली.
दुर्पताबाई खांद्याला बाम चोळून येतात
आणि त्याचा वास खिचडीला लागतो.
जूनच्या काट्यावर अकरा किलो शंभर.
पर्यवेक्षिका बाईंनी विचारलं, जादा काय दिलं?
मी लिहिलं: खिचडी.

सोमवारपासून नवी मुलगी आहे, मिष्का हेडाऊ.
दाराची कडी धरून उभी असते,
रडते, पण आवाज न काढता.
आम्ही शहाण्यासारखा गंज वाजवून पाहिला,
तिने दोन्ही कान झाकले.
मग दुर्पताबाई नुसत्याच तिच्याजवळ जाऊन बसल्या,
लसूण सोलत,
काही न विचारता.
काल तशाच. परवाही.
आज तिने कडी एका हाताने सोडली,
एक पाकळी उचलली,
त्यांच्या पदरात टाकली
आणि पुन्हा कडी धरली.