कोने

मगदूमांच्या गिरणीचं छप्पर चौपाखी.
चार उतार, चार कोनवासे, मधे बारा फुटांचं आढं,
आणि आढ्याच्या दोन्ही टोकांना,
जिथं तीन धारा एकमेकींना धडकतात, तिथं भोक.
गेली दोन वर्षं पाणी तिथनं
सरळ दळणाच्या डब्यांच्या रांगेत.

दस्तगीरचाचा शिडी चढताना बोलत नाही.
वर गेला की आधी वारा बघतो,
म्हणजे लुंगीचं टोक कुठं उडतंय तेवढंच.
"पन्हाळ्याच्या अंगानं मारतो लेका पाऊस.
म्हणून सुरवात उगवतीकडनं.
दुसऱ्याचा ओठ पहिल्याच्या पाठीवर,
तिसऱ्याचा दुसऱ्याच्या.
उलटं लावलंस तर पाणी बोट घालून
उचकटून बघणार, आत काय हाय."

जुने कोने सुटले तसे
खाली पिठाचा थर, चुन्यासारखा बसलेला.
किती वर्षांचा कोण जाणे.
चाचानं चिमूटभर जिभेवर ठेवलं.
"नाचणी," म्हणाला, आणि थुंकला.

मी खालनं कोने देतो.
एकेकाचं वजन झोपलेल्या मांजराएवढं,
आणि तसंच पोटाशी धरायचं,
कडेला हात लावला तर कड जाते.
घमेल्यात चारास एक माल, वर मूठभर काव,
म्हणजे सांधा कौलाच्या रंगात मिसळतो.
कोनवाशावर पन्हळीकडनं वर यायचं,
दोरी ताणून, एक डोळा मिटून.
लांब कारखान्याची चिमणी गार पडलीय,
बावड्यात आता उसाचा वास नाही,
नुसता तापलेल्या कौलांचा.

मग ते तिकाटणं.
तिथं बसणारा तीन तोंडांचा तुकडा
पूर्वी विकत मिळायचा.
कौलांचा कारखाना गेला, त्या जागी लग्नाचं कार्यालय झालं.
"आता तूच काप," चाचा म्हणाला.
त्याच्या हातात हल्ली बशीतला चहासुद्धा हलतो.
ग्राइंडर मी धरला.
उगवतीचा जमला, कसाबसा.
मावळतीचा पहिला फुटला.
दुसरा जवळजवळ झाला होता,
खाली ठेवताना फुटला.

चाचा काही बोलला नाही.
मला वाटलं, रागावला.
तो उरलेले कोने मोजत होता.
आढ्याला लागणार तेवढेच होते, एकही जास्त नाही.

"झालं का रे? गिराइक खोळंबलंय!"
खालनं आक्काताई मगदूम.
चाचानं तिच्याकडं तेलाचा रिकामा डबा मागितला,
पंधरा किलोचा.
पत्र्याची कातर चालवताना मात्र
त्याचा हात हलत नव्हता, हे मी बघितलं.
तीन घड्या, एक चीर, गुडघ्यावर ठोकून बाक,
आणि पत्रा टोपीसारखा बसला.
डब्यावर सूर्यफूल होतं, तळहाताएवढं.
मी म्हटलं, फूल वर येऊ दे की, दिसायला बरं.
"कुणाला? कावळ्यांला?
ऊन खातंय चित्र. आत कर."

माल दाबला. कड पुसली.
शेवटच्या कोन्यावर दुसरा कोना येत नाही,
त्याचा खिळा उघडा राहतो.
चाचानं त्यावर डांबराचा थेंब सोडला,
अंगठ्यानं पसरला,
अंगठा कौलाला नाही, लुंगीला पुसला.

खाली हिशोब झाला.
फुटलेल्या दोन कोन्यांचे पैसे
माझ्या हजेरीतनं.
मी काही म्हटलं नाही, बरोबरच होतं.
चाचा गुडघे धरून पोत्यावर बसला,
आक्काताईनं दिलेलं ताक
दोन्ही हातांनी धरून प्यायला.

रांगेतली एक पोर
डोक्यावरचा डबा उतरवता उतरवता
वर बघत राहिली.
वाशांच्या बेचक्यात, जिथं परवापर्यंत
रुपयाएवढं आभाळ होतं, तिथं बोट दाखवून म्हणाली,
"आक्का, ते पिवळं काय हाय?"

आक्काताईनं पट्टा चढवला.
गिरण सुरू झाली.
ती काय म्हणाली, ऐकू आलं नाही.