दहा गुणांचा प्रश्न

'संघर्षातून नायिकेने काय मिळवले, काय गमावले?'
प्रश्न दहा गुणांचा. पेपर सोमवारी.
वाचनालयाच्या प्रतीची पहिली बावीस पानं नाहीत,
त्यामुळे अंबिका मला भेटली
ती थेट कोर्टाच्या पायरीवर.
त्याआधी ती कुणाशी हसायची, ठाऊक नाही.

अम्मा समोर, सूप मांडीवर.
कात्री पानावर, पान बोटांवर,
चिमूटभर तंबाखू, दोऱ्याचे दोन वेढे.
मी मोठ्यानं वाचते, ती ऐकते.
गोष्ट रंगली की विडी सैल होते
आणि सकाळी कारखान्यात ती छाटात जाते.
या कादंबरीनं आतापर्यंत
आमच्या साठेक विड्या खाल्ल्या.

अंबिका दिरांशी भांडते. जिंकते.
उताऱ्यावर तिचं नाव चढतं.
शेवटच्या पानावर ती एकटी, दार लावून घेते.

वहीत मी मधोमध रेघ मारते.
मिळवले: घर, नाव, स्वाभिमान.
गमावले: नाती.
गाइडमध्येही एवढंच आहे.

'काय लिहालीस?'
वाचून दाखवते.
अम्मा दातानं दोरा तोडते.
'नाती म्हणजे कोण? नाव घाल की.'

नाव मला एक माहीत आहे.
नरसव्वा मावशी.
कार्डासाठी अम्मा कारखान्याच्या दारात
अकरा दिवस बसली होती,
त्यातल्या नवव्या दिवशी मावशी
खाली मान घालून आत गेली, कामाला.
तिचा नवरा तेव्हा सिव्हिलमध्ये होता.
हे अम्मालाही माहीत होतं.
तरी ती बोलायचं ते बोलली,
सगळ्यांदेखत, तेलुगूत.

कार्ड मिळालं.
त्यावरच्या फोटोत अम्माचे डोळे मिटलेत.
फंड आला, त्यातून माझी फी गेली.
विडी घरकुलात आमची दारं
अजून समोरासमोरच आहेत.
गड्ड्यात एकदा दोघी एकाच पाळण्याखाली
वर बघत उभ्या होत्या,
मधे एक फुगेवाला.
आणि शेंगाचटणी अम्मा अजूनही
दोन घरांची कुटते.
मग महिनाभर आम्हीच खातो.

हे दहा गुणांत बसत नाही.
रेघेच्या कुठल्या बाजूला लिहू,
तेही कळत नाही.

'ती बाई दार लावते ना शेवटी,'
अम्मा विचारते, मान वर न करता,
'कडी घालते, का नुसतंच लोटते?'

मी शेवटचं पान पुन्हा वाचते.
लिहिलेलं नाही.