शेरा

शिसोदेसरांची गाडी तिसऱ्यांदा दोरीनं ओढत आणली.
पुढं उसाचा रिकामा ट्रॅक्टर,
मागं ती : दोन दारांची, बुटकी, लाल,
उघडझाप करणाऱ्या दिव्यांपैकी डावा अर्धवट मिटलेला.

गंगाखेड रोडवरची पोरं म्हणाली, जगात जर्मनी…
पुढचं मी म्हणू दिलं नाही.
तिथली आहे हे खरं, म्हटलं,
पण बंद पडायलीय इथं.

सर चाळीस वर्षं ज्वारीच्या वाणांत राहिले.
रिटायर झाल्यावर लोक प्लॉट घेतात.
ह्यांनी ही घेतली,
माझ्याहून दोन वर्षांनी थोरली.

नांदेडच्यानं पंप बदलला होता.
जालन्याच्यानं प्लग, वायरी, आणि उगाच बॅटरी.
तिसऱ्यानं पेट्रोलात पाणी आहे म्हणून
पंपवाल्याशी भांडण लावून दिलं.
प्रत्येकाच्या दारात ती
पाहुण्यांसमोरच्या लेकरासारखी शहाणी वागली.

कशी बंद पडते, सर?
अचानक.
अचानक म्हंजे?
पेट्रोल पोचेना झालं की गाडी खोकते, आचके देते,
तुम्हाला रस्त्याच्या कडेला यायला वेळ देते.
करंट गेला तर तसं काही नाही.
सरांनी चष्मा काढला, पुसला.
दुसरं, म्हणाले. शब्दाच्या मधेच.

मग पिशवीतून वही निघाली.
तारीख. वेळ. तापमान. किलोमीटर. किती मिनिटांनी परत चालू.
सत्तेचाळीस ओळी,
अक्षर भरल्या कणसासारखं.
रात्रीची एकही नोंद नाही.
वैशाखात रोज, श्रावणात दोनदा,
पौषात एकदाच, तेही भर दुपारी.
मला गाडी उघडायच्या आधीच निम्मं कळलं होतं.

पण शेवटचा रकाना होता, शेरा.
'त्रिधारा पाटी. एका बाईंनी छत्री दिली.'
'पेडगावपुढं. तिघांनी ढकलली. नावं विचारायची राहिली.'
'हुरडा खाल्ला. वाण ओळखता आला नाही.'
ह्यावर सर माझ्याकडं न बघता म्हणाले,
तो भाग तुमच्या कामाचा नाही.

दुपारी दोनला तिला मुद्दाम उन्हात लावली, चालू.
अझहरच्या हातात मोबाईलचं घड्याळ,
माझी नजर काट्यावर.
सव्वीस मिनिटं काही नाही. अझहरला जांभई आली.
आणि काटा सरळ शून्यावर.

डॅशबोर्डखाली पालथा झालो.
काडेपेटीएवढा रिले, हाताला चटका देणारा.
पान्याच्या दांड्यानं टिचकी मारली :
चालू.
परत मारली : बंद.
असा आनंद मला पोरगा दहावी पास झाला तेव्हाही झाला नव्हता,
हे घरी सांगू नका.

झाकण काढलं तर आत सगळं ठीकठाक दिसायलं.
ताहेरचाचा घडीवाल्यांकडून डोळ्याला लावायची काच आणली.
एका पिनच्या बुडाशी, डागाला, गोल चीर.
केसाहून बारीक.
गरम झालं की उघडते, गार झालं की मिटते,
म्हणून तीन मिस्त्री खोटे नव्हते,
फक्त सावलीत बसून बघत होते.

सरांनी काच लावली. खूप वेळ लावली.
भेगाळलीय, म्हणाले, रानासारखी.
पाणी द्यावं लागेल.
कथील, सर. एक थेंब.

किती झाले?
चाळीस रुपये.
पाचशेची नोट ठेवली, सुट्टे घेतले नाहीत,
आणि वही विसरून गेले.
किंवा नसतील विसरले.

महिन्यानं आले, चव्वेचाळीस डिग्रीत, झिरो फाट्यावरून, सलग.
मी वही पुढं केली.
उभ्यानंच त्यांनी अठ्ठेचाळिसावी ओळ लिहिली :
बंद पडली नाही.
मग शेऱ्याच्या रकान्यावर पेन टेकवून थांबले.
काहीच सुचेना त्यांना.

पेडगावला जाऊन येतो म्हणाले.
काय बिघडलं का, सर?
नाही, नाही. ती तीन पोरं.
आता थांबायचं तर ब्रेक दाबावा लागतो.

बरं, म्हटलं. अंधार पडायच्या आत या.
डाव्या दिव्याचं काम राहिलंय.