तीन की पाच

पोर्थ गारेगच्या धक्क्यावर, सप्टेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी,
सहा वाजता मी टपरीची झडप उचलते
तेव्हा इडवल आणि बेती आधीच आलेले असतात,
मध्ये सतरा फळ्यांचं अंतर ठेवून.
फळ्या मी मोजल्यात. गिऱ्हाईक नसलं की माणूस काहीही मोजतो.

बावीस वर्षं नवरा-बायको होते. एकोणीस वर्षं झाली, नाहीत.
घर तिला गेलं, होडी विकली, कुत्रा आपणहून मेला,
एक वही तेवढी वाटता आली नाही.
निळा पुठ्ठा, पानापानाला खवले चिकटलेले.
म्हणून हा नेम: वर्षातून एक दिवस.
जो जास्त जातींचे मासे काढेल
हिवाळाभर वही त्याच्याकडे.
वजन नाही, लांबी नाही. बोटाएवढा गोबी
आणि हातभर मुशी, दोघांना एकेक रेघ.
रेघा ओढते मी, लोरी, आमिषाच्या गांडुळांची मालकीण.
सहा हिवाळे वही बेतीच्या घरी आहे.

बेतीचा गळ नखाएवढा. ती खांबांना लागून सोडते,
कालवांच्या झुपक्यांत,
जिथे भुवयांवर शिंगं फुटलेली ब्लेनी
भाडं थकलेल्या भाडेकरूसारखी दाराआड बसते.
इडवल लांब फेकतो.
जन्मभर लांबच फेकलं यानं, असं बेती मला म्हणते,
त्याला जेमतेम ऐकू जाईल इतक्या हळू.

नऊला बांगड्यांची झुंड आली. दोघांनाही. फिटंफाट.
मग त्याला टोळ, चोचीचा, हिरव्या हाडांचा.
तिला रास, शेपटीच्या बुडाशी काळा टिपका.
टिपका मधोमध की वरच्या कडेला, ह्यावर अर्धा तास,
मासा बादलीत, पाणी मी दोनदा बदललं.
मधोमध निघाला.
वरच्या कडेचा तिच्या नावावर सकाळीच लागला होता,
म्हणून इडवलचा इतका जोर.

दुपारी सीलने त्याचा पोलॅक वरच्या वर खाल्ला.
गळाला नुसतं मुंडकं, डोळा अजून ताजा.
मी म्हटलं, अर्धी रेघ.
बेती सतरा फळ्यांपलीकडून ओरडली,
पूर्ण दे गं, जात मुंडक्यावरूनच कळते.

मग ओहोटी. धक्क्याचे पाय गुडघ्यांपर्यंत उघडे,
वास, चिखल, एक बूट.
डोंगरावरून बारीक पाऊस आला आणि इथेच राहिला.
दोन तास कुणालाच काही नाही.
इडवल गाठ मारत बसला. वसंतापासून त्याचा उजवा हात
स्वतःशीच काहीतरी बोलत असतो.
चौथ्यांदा गळ निसटून फळीच्या फटीत गेला
तेव्हा बेती उठली, चालत आली, दोरा ओला केला ओठांनी,
गाठ मारली, परत जाऊन बसली.
हे नियमांत नव्हतं. मी वहीत लिहिलं नाही.

साडेसात. तेरा-तेरा. दिवे लागायचे होते.
त्याची काठी जराशी मान हलवल्यासारखी हलली
आणि वर आला एक बुळबुळीत, तपकिरी, वीतभर,
नाकावर मिश्या.
तीन मिश्यांचा त्याच्या नावावर आधीच होता.
पाच असतील तर नवी जात.
मी बघ म्हणालो तर तू मानशील का, इडवलने विचारलं.
नाही, बेती म्हणाली. आण इकडे.

तिने ओल्या तळव्यावर मासा घेतला,
त्याचं नाक डोळ्यांजवळ नेलं,
बराच वेळ धरून ठेवलं.
पाच, म्हणाली,
आणि वाकून फटीतून पाण्यात सोडून दिला.

चष्मा तिच्या कपाळावर होता.
सबंध वेळ कपाळावरच.

मी चौदावी रेघ ओढली.
वही इडवलने कोटाच्या आत घातली, बटण लागेना,
तेही तिनेच लावलं, रागाने,
चिप्स कोण देणार यावर भांडत
दोघं धक्क्यावरून चालत गेले,
ती पुढे, तो मागे.
मी उरलेली गांडुळं समुद्राला देऊन झडप ओढली.