खोलीचा आवाज

अकरावीला नाझिमानं फिजिक्स सोडून
व्हिडिओ आणि मीडिया हा विषय घेतला,
तेव्हा दोन दिवस मी जेवताना बोललो नाही.
वादी कबीरच्या दुकानात
बोटींच्या इंजिनांचे सुटे भाग मोजणाऱ्या माणसाला
पोरीनं काय शिकावं हे अगदी पक्कं ठाऊक असतं.
‘मोबाइल काय, गावच्या म्हशीही चालवतील,’ म्हणालो.

शाळेत कॅमेरा एक, पोरं चाळीस,
स्टँडच्या एका पायाला चिकटपट्टी.
बिंदू मिसनं पहिल्या तासाला
फळ्यावर नुसती चौकट काढली म्हणे,
आणि विचारलं,
आत काय आहे ते राहू दे,
बाहेर काय ठेवलंस ते सांग.

याला अभ्यास म्हणतात?

मग तो पुराचा व्हिडिओ आला.
गाड्या तरंगतायत, खाली लिहिलेलं: चिपळूण, आज सकाळी.
मी दाभोळच्या ग्रुपवर टाकला, भाईंना टाकला,
दुआ करा, असंही लिहिलं.
नाझिमानं माझ्या हातून फोन घेतला,
अंगठ्यानं चित्र थांबवलं.
‘अब्बा, स्टिअरिंग बघा.’
डावीकडे होतं.
एकोणीस वर्षं मी मस्कतात व्हॅन हाकतोय,
डाव्या सीटवर बसून, रस्त्याच्या उजव्या अंगानं,
आणि मला ते दिसलं नव्हतं.
रोज दिसतं म्हणूनच नव्हतं दिसलं.
ग्रुपवर लिहिलं: चुकलं माझं, हे आपल्याकडचं नव्हे.
तोवर भाभी माहेरच्या नावानं रडून
सगळे नंबर फिरवून थकली होती.

सप्टेंबरात गृहपाठ आला: दोन मिनिटांची फिल्म, विषय घर.
वादी कबीर अजून तव्यावर होतं,
आणि पोरगी म्हणते, एसी बंद करा, फ्रिज बंद करा,
आधी एक मिनिट खोलीचा आवाज घ्यायचाय.
खोलीला आवाज असतो?
असतो, प्रत्येकीचा वेगळा. गप्प बसा.

बसलो.
नळ.
खाली मागे सरकणाऱ्या ट्रकची पिपाणी.
भिंतीपलीकडे शेजारीण तिच्या भाषेत
कुणाला तरी हळू समजावत होती.
आणि एक बारीक शिट्टी, थांबून थांबून.
कुठून येतेय म्हणून मी मान वळवली
तर हमीदा माझ्या छातीकडे बघत होती.
एवढी वाजते?
एसीनं इतकी वर्षं झाकून ठेवली होती.

मग कॅमेरा माझ्यावर.
‘पहिल्या वर्षी घरी काय पाठवलंत?’
पैसे, म्हणालो. दोन ब्लँकेट. फोटो.
कसले फोटो?
साहेबाच्या पांढऱ्या गाडीला टेकून काढलेले.
आणि राहायचात कुठे?
एका खोलीत आठजण, म्हणालो,
आणि पुढचं काही सुचेना.
घाम डोळ्यात गेला. कॅमेरा चालूच.
नंतर तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला:
हे गप्प राहिलेलं ठेवू की काढू?
तुमचं आहे. तुम्ही सांगाल तसं.
मला असं कुणी विचारलं नव्हतं,
ना कंपनीनं, ना गावानं.
‘थोडं ठेव,’ म्हणालो.
तिनं सगळंच ठेवलं.
बिंदू मिसनं दहापैकी सात दिले,
म्हणे आवाज छान, चित्र थरथरतंय.
तो स्टँडचा पाय.

शुक्रवारी भाईंचा फोन.
आमचा फोन नेहमी साखरेच्या डब्याला टेकून उभा,
म्हणजे नवा सोफा दिसतो,
पडद्याची चांगली बाजू दिसते.
त्या दिवशी मी तो उचलला
आणि सावकाश एक फेरी मारली:
दोरीवरचे कपडे, पोपडे धरलेला कोपरा,
माझं इनहेलर,
गळक्या एसीखालची निळी बादली.

भाई बराच वेळ बोलले नाहीत.
पलीकडे कुणीतरी पंखा बंद केला, ते ऐकू आलं.

‘दिलावर,’ भाई म्हणाले,
‘बादली भरत आलीय बघ.’