सत्तावीस पाट्या

पहिल्या दिवशी मीच लावल्या.
सत्तावीस पितळी पाट्या, प्रत्येकीला दोन स्क्रू,
आणि बाहेर आखातावरचा बर्फ अजून फुटायचा होता.

चौदा सरकारच्या बाकांवर, तेरा समोर.
एवढ्याशा फरकावर राज्य करायचं म्हणजे
शिंकसुद्धा विचारून द्यायची.

रिवाजाप्रमाणे दोघांनी दंडाला धरून
युफेमी आर्सनोला ओढत नेलं सभापतीच्या खुर्चीकडे.
पूर्वी म्हणे या खुर्चीपायी मान जायची,
म्हणून आढेवेढे घ्यायचे, सगळ्यांनी हसायचं.
तीही हसली.
पण गालिच्यावर तिच्या टाचांचे दोन खरेखुरे ओरखडे होते,
संध्याकाळी मी ते ब्रशनं मिटवले.
ती वर बसली. खाली उरले
तेरा आणि तेरा.

प्रीमियर डूगल्ड मॅककॉर्मॅक बटाट्याचे व्यापारी.
अर्थसंकल्पही पोती मोजल्यासारखा वाचायचे,
दर दहाव्या आकड्याला अंगठा दुमडून.
नखात तांबडी माती. आमच्या बेटावर ती
मंत्र्यांच्याही नखातून जात नाही.

दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात लेम्युएल शायसन गेला.
लॉबस्टर धरणारा, तिसऱ्या बाकावरचा.
स्वयंपाकघरात बूट चढवताना, एक पायात, एक हातात.
दीड वर्षात सभागृहात एकदाच बोलला होता,
खिडकी उघडा म्हणून.
त्याची पाटी काढली तर खालचं लाकूड
अजून कोवळं, पहिल्या दिवसाच्या रंगाचं.
बारा आणि तेरा.
त्या महिन्यात सरकार चवड्यांवर चालायचं.

फेब्रुवारीत, गुडघाभर बर्फात, पोटनिवडणूक.
निवडून आली नोएला लाबोब, शाळेतली बाई, कुठल्याच पक्षाची नाही.
शपथ तिनं आधी मिगमॉ भाषेत घेतली.
कारकुनाचं पेन थांबलं. कुठं लिहायचं,
त्याच्या वहीत तसा रकानाच नव्हता.
मग इंग्रजीत घेतली, तेव्हा पेन हललं.

आणि वसंतात विल्मट इनमन पलीकडून अलीकडे आला.
रस्त्यांचं खातं मिळालं त्याला.
नऊ पावलांचं सभागृह, पण ती नऊ पावलं
तो जमिनीकडे बघत चालला.
पाटी मी हलवली. जुन्या बाकावर दोन भोकं उरली.
मेण भरलं, पॉलिश केलं,
तरी त्याचे जुने सोबती
येता-जाता तिथं बोट लावून बघायचे.

मग ते बिल आलं,
पश्चिमेकडचं छोटं हॉस्पिटल रात्री बंद ठेवायचं.
नोएला उभी राहिली. म्हणाली,
बाळं काय ऑफिसच्या वेळेत येतात?
मोजणी झाली. एवढं सगळं होऊन, मरून, फिरून, निवडून
पुन्हा तेरा आणि तेरा.

सगळ्यांचे चेहरे वर.
युफेमीनं चष्मा काढला, पुसला, परत लावला.
प्रथा सांगते, म्हणाली, की बरोबरी झाली
तर आहे ते तसंच राहू द्यावं. माझं मत विरोधात.
ती त्याच हॉस्पिटलात जन्मली होती,
हे त्या दिवशी कुणी बोललं नाही.
दुसऱ्या दिवशी सगळेच बोलले.

डूगल्डना त्यांच्याच माणसांनी जूनमध्ये उतरवलं,
बंद दाराआड, लिंबाचं सरबत पीत.
ग्रिझेल मॅकफी प्रीमियर झाल्या.
मी हातोडी-पेचकस घेऊन गेलो, तर म्हातारा स्वतःच
आपली पाटी उकलत बसला होता. विचारलं, कुठं लावू?
म्हणाला, खिडकीपाशी. लेम्युएलला म्हणावं, उघडली.

काल सभागृह विसर्जित झालं.
भिंतीवरच्या फ्रेममध्ये आता छापील यादी लागेल.
लेम्युएलच्या नावापुढे छोटासा तारा,
तळाशी बारीक अक्षरात: नोव्हेंबरपर्यंत.
विल्मटच्या नावापुढे काहीच नाही.

पाट्या ड्रॉवरमध्ये. स्क्रू मोजले, एक कमी.
गालिचा उलटून पाहिला,
तिथं पेन्सिलीचं टोक सापडलं आणि खोकल्याची एक गोळी.

सोमवारी नव्या पाट्या येतील.
नमुना आलाय.
दोन नावांची अक्षरं चुकलीत, कळवायला हवं.